श्रीरंग वाळिंबे आणि दोन सीटची सायकल

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावात, सकाळी साडेसातच्या सुमाराला, ओढ्याकाठच्या पायवाटेवरून एक लांबच लांब सायकल यायची. चाकं दोनच, पण सीटं दोन, पायडलच्या जोड्या दोन, आणि घंटी मात्र एक. ती पुढच्या माणसाच्या ताब्यात. हा पुढचा माणूस म्हणजे श्रीरंग वाळिंबे. वय एकाहत्तर, अंगकाठी उसासारखी, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि त्याखाली सांगलीकडच्या गणिताच्या मास्तरांना शोभेल असा गंभीर चेहरा. मागे त्यांची बायको सुलेखा. सहासष्ट वर्षांची, ठेंगणी, गोल, सलवारीचा घेर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळून ऐटीत बसलेली. कुत्री फिरवायला निघालेली मंडळी थांबून वाट द्यायची. आयटीतली तरुण पोरं कानातली बटणं काढून "काका, काकू, गुड मॉर्निंग" म्हणायची. नाटकात एखाद्या पात्राच्या नुसत्या येण्याला टाळी पडते, तसं ते येणं होतं.

पण कान देऊन ऐकलं तर कळायचं, की पुढचा माणूस सारखा बोलतो आहे.

"डावीकडे वळण. आता चढ आहे, जोर लाव. उजव्या हाताला ओढा, पाणी कमीच आहे. एक बगळा उभा आहे, निळसर करडा, एका पायावर. आता मान वळवतोय."

"कुणाकडे?"

"आपल्याकडे."

"त्याला म्हणावं, बघून घे बाबा. आपल्या दोघांत एकालाच दिसतंय."

सुलेखाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसे, मधलं जाई. एका डोळ्याला तर समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही; दुसरा त्यातल्या त्यात बरा होता. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात सुई टोचून घ्यायची. बावीस साली तिचं ड्रायव्हिंग लायसन्स गेलं, आणि मॉरिसव्हिलमध्ये गाडी गेली म्हणजे पाय गेले. भारतीय किराण्याचं दुकान दीड मैलावर, पण मध्ये सहा पदरी रस्ता आणि अर्ध्यातच संपून जाणारा फुटपाथ. ज्या बाईनं पंचवीस वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांचे सेट, म्हणजे दारं, खिडक्या, एकदा तर अख्खा झोपाळा, आपल्या व्हॅनमधून वाहिले, तीच बाई आता कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी नवऱ्याची वाट बघत खिडकीत बसायची.

"अमेरिकेत डोळे जाणं म्हणजे कैद हो," ती एकदा म्हणाली. "त्या फ्रान्समध्ये बघा. आगगाडीतून उतरायचं आणि सायकलवर बसायचं. गाडी नको, लायसन्स नको, कुणाची मिनतवारी नको. मला ती खाडी बघायचीय. डोळे आहेत तोवर घेऊन चला."

ती खाडी त्यांच्या संसारात बेचाळीस वर्षांपूर्वी आली होती. श्रीरंगराव तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला पाण्याच्या इंजिनियरिंगचे विद्यार्थी होते. सुलेखा नवी नवरी म्हणून जानेवारीच्या बर्फात येऊन उतरली. गाडी घ्यायची ऐपत नव्हती. एक जुनी सायकल होती, आणि तिच्या मागच्या कॅरियरवर सुलेखा. शेजारच्या खोलीत मादलेन नावाची फ्रेंच मुलगी राहायची. दगडमातीचा अभ्यास करायची आणि घरच्या आठवणीनं रडायची. तिचं गाव बोर्दो शहराच्या खालच्या अंगाला, नदी जिथे समुद्राला मिळता मिळता पसरट होत जाते तिथे. ती सांगायची, आमच्याकडे द्राक्षांचे मळे थेट पाण्यापर्यंत येतात. पाणी निळं नाही, दुधाच्या चहासारखं. भरती आली की उलटं वाहतं. काठावर उंच खांबांवर लाकडी झोपड्या, आणि त्यांतून चौकोनी जाळी दोरीनं खाली सोडतात. गाडीनं जाऊ नका, गाडीतून फक्त रस्ता दिसतो. सायकलनं जा.

सुलेखाचं माहेर जैतापूरच्या खाडीवरचं. ती हरखून म्हणाली होती, "म्हणजे आमच्याचसारखी की! फक्त माडांच्या जागी द्राक्षं. अहो, आपण जायचं."

"थीसिस होऊ दे," श्रीरंगराव म्हणाले होते.

थीसिस झाला. मग नोकरी, मग ग्रीन कार्ड, मग अनिकाचा जन्म, मग सांगलीला वडिलांचं आजारपण, मग अनिकाचं कॉलेज. प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं. हेच श्रीरंगरावांचं दुर्दैव. आळशी माणसाला निदान स्वतःला शिव्या देता येतात.

त्यातून त्यांचा पासपोर्ट भारतीय. सुलेखानं नव्याण्णव साली नागरिकत्व घेतलं, शपथ घेऊन येताना वाटेत भाजी घेऊन आली. श्रीरंगरावांनी घेतलं नाही. मोठं काही देशप्रेमाचं भाषण त्यामागे नव्हतं. "दोघांपैकी एकानं तरी तिकडचं राहावं," एवढंच ते म्हणायचे. पण त्यामुळे फ्रान्सला जायचं तर यांना व्हिसा हवा. एकोणीस साली निवृत्तीनंतर तो मिळाला, पासपोर्टात चिकटला, वीस सालच्या मे महिन्याची तिकिटं काढली, आणि मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. पुन्हा प्रयत्न केला तर हंगाम संपेपर्यंत मुलाखतीची तारीखच मिळेना.

"तुमचं ते एक पान पासपोर्टाचं," सुलेखा म्हणाली, "माझ्या दोन डोळ्यांना भारी पडतंय."

तेव्हा मात्र श्रीरंगराव हलले. नागरिकत्वाचा अर्ज केला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, या उन्हाळ्यात जायचं तर जाऊन या, पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगत नाही. चोवीस सालच्या एप्रिलमध्ये शपथविधी झाला. दीडशे माणसांमध्ये हा सांगलीचा म्हातारा उजवा हात वर करून उभा राहिला. दारातच ग्रीन कार्ड जमा करून घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट आता चालणार नव्हता. बदल्यात हातात आलं एक सुंदर जाड प्रमाणपत्र, वरच्या कोपऱ्यात त्यांचा फोटो, आणि एक पाकीट, ज्यात सूचनांचे कागद. या प्रमाणपत्रावर अमेरिकेचा पासपोर्ट मागवायचा, घाईचा अर्ज केला की तीनेक आठवड्यांत येईल. तिकिटं सोळा जूनची. वेळ भरपूर होता.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्रीरंगरावांच्या वडिलांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं होतं. त्यापायी बिचाऱ्यांना आपलं वय सिद्ध करता करता पेन्शनसाठी तीन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तेव्हापासून कागद म्हटला की श्रीरंगराव त्याला प्लॅस्टिकमध्ये घालायचे. डिग्र्या, अनिकाची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची कार्डं, इतकंच काय, डिशवॉशर कसा लावावा हेही लॅमिनेट करून ओट्याच्या वर टांगलेलं. शेजारच्या शोभाताई रविवारच्या मराठी शाळेत शिकवायच्या. मुळाक्षरांच्या चित्रांसाठी त्यांच्याकडे लॅमिनेशनचं मशीन होतं, आणि ते शाळेत कमी नि वाळिंब्यांकडे जास्त असायचं.

मेच्या पहिल्या शनिवारी ते जेवणाच्या टेबलावर होतं. प्रवासाचे नकाशे श्रीरंगरावांनी स्वतः काढले होते. रोज पंधरा-वीस मैल, कुठे आगगाडी, कुठे खाडी ओलांडायची फेरी, कुठे सावलीचा बाक. तिकडे पाऊस कधीही येतो, म्हणून एकेक नकाशा मशीनमधून काढून हँडलवर लावायला तयार होत होता. घरभर गरम प्लॅस्टिकचा वास. सुलेखा सोफ्यावर पालक निवडत होती, बोटांनी.

"झाले का तुमचे नकाशे?"

"शेवटचा. प्लॅस्टिकची एक पिशवी उरलीय मोठी."

"मग त्यात मला घाला. टिकेन तरी."

ते हसले. उरलेल्या पिशवीकडे बघितलं, बाजूला ठेवलेल्या प्रमाणपत्राकडे बघितलं. मापात बसत होतं. मशीननं ते गिळलं आणि दुसऱ्या बाजूनं चकचकीत करून परत दिलं. श्रीरंगरावांनी ते उजेडात धरलं. एक बुडबुडा नाही. फार वर्षांनी त्यांना वाटलं, की आपण एखादं काम वेळेवर आणि नीट केलं.

पाकिटातल्या सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, हे लॅमिनेट करू नये. पण सूचना वाचणं हे या घरात कधीच श्रीरंगरावांचं खातं नव्हतं. औषधांची पत्रकं, टॅक्सचे फॉर्म, विमानाच्या तिकिटामागची बारीक अक्षरं, सगळं चाळीस वर्षं सुलेखा वाचायची आणि यांना सांगायची, इथे सही करा. दोन वर्षांपूर्वी ते वाचणं थांबलं. ती जागा रिकामी झालीय, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पासपोर्टचा अर्ज घेणाऱ्या खिडकीवर एक वयस्कर काळी बाई होती. चष्मा साखळीला लावलेला, बोलणं लोण्यासारखं. तिनं प्रमाणपत्र हातात घेतलं, वाकवून बघितलं, आणि चष्मा काढला.

"हनी, हे कुणी केलं?"

"मी," श्रीरंगराव अभिमानानं म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरची दया त्यांना शब्दांच्या आधी कळली. असलं प्रमाणपत्र चालत नाही. नवं मागवावं लागेल, त्याचा वेगळा अर्ज. आठ महिने, दहा महिने, नक्की सांगता येत नाही. श्रीरंगरावांनी विचारलं, सोळा जूनचं विमान आहे, काही करता येईल का. तिनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत आली ती मान हलवतच.

घरी आल्यावर त्यांनी सुलेखाला सांगितलं नाही. न्हाणीघराचं दार लावून घेतलं, हेअर ड्रायर लावला आणि प्लॅस्टिकची कड नखानं सोडवू लागले. कड सुटली. तिच्याबरोबर शाई आली, शिक्का आला, आणि फोटोतल्या श्रीरंग वाळिंब्यांचा एक कान आला.

"अहो, काय चाललंय आत? केस आहेत कुठे तुम्हाला वाळवायला?"

ते बाहेर आले आणि चक्क जमिनीवर बसले. सांगितलं. सुलेखानं हात पुढे केला. त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला. तिनं बोटं फिरवली. गुळगुळीत, मग एका कोपऱ्यात खरखरीत.

"किती महिने?"

"आठ. दहा. पुढच्या वर्षी नक्की जाऊ. मार्चमध्येच—"

"पुढच्या वर्षी मी काय बघू? तुमच्या पासपोर्टावरून असाच हात फिरवू?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळानं ओट्यावरून काहीतरी ओरबाडल्याचा आवाज आला. डिशवॉशरच्या सूचना कचऱ्याच्या डब्यात गेल्या होत्या.

अनिका, त्यांची एकुलती एक मुलगी, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहायची आणि तिथल्या शाळेत मुलांना बँड शिकवायची. श्रीरंगरावांनी तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, यू लॅमिनेटेड इट? लाइक माय रिपोर्ट कार्ड्स?"

"हो."

"ओ माय गॉड, बाबा." मग तिचा आवाज खाली आला. "ओके. लिसन. माझी स्कूल जूनच्या सात तारखेला संपते. आय कॅन टेक हर. मी सायकल चालवते, आई मागे बसेल. तुझं तिकीट कॅन्सल कर."

हे ऐकून श्रीरंगरावांना जे वाटलं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, सुलेखानं नाही म्हणावं. तुमच्याशिवाय नाही जायचं, असं म्हणावं. बेचाळीस वर्षं त्यांनीच नेऊ नेऊ म्हटलं होतं, नकाशे त्यांचे, पुढची सीट त्यांची. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं, की असं वाटणारा माणूस आपल्या बायकोचे उरलेसुरले डोळे मागतोय.

"जा तू," ते म्हणाले.

"जातेच," सुलेखा म्हणाली.

अनिका आठवडाभर आधी आली. पायवाटेवर दोघींनी सराव केला. श्रीरंगराव मागून साध्या सायकलवर. अनिका चांगली दणकट मुलगी, सायकल नुसती उडवत न्यायची.

"अगं, सांगत जा तिला," ते मागून ओरडले. "वळण आलं की सांग, चढ आला की सांग. काय दिसतंय ते सांग."

"आई, लेफ्ट! आई, हिल! आई, अ बर्ड!"

"कुठला बर्ड?" सुलेखानं विचारलं.

"आय डोन्ट नो. ग्रे."

सोळा तारखेला ते त्यांना विमानतळावर सोडून आले. गॅरेजमध्ये दोन सीटची सायकल उभी होती, तिकडे भाड्यानं दुसरी मिळणार होती. त्यांनी टायरची हवा तपासली आणि उगाचच थोडी भरली.

पुढचे दिवस त्यांचं आयुष्य टेबलावरच्या नकाशात होतं. नकाशाच्या जास्तीच्या प्रती होत्याच. आज बोर्दो. आज मळे सुरू झाले असतील, रांगांच्या टोकाला गुलाबाची झाडं लावलेली असतात, अनिकाला कळेल का सांगायचं? शोभाताई डाळफळं घेऊन आल्या. "श्रीरंगभाऊजी, दाढी तरी करा," म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं आणि केली नाही. रोज एक छोटा फोन यायचा. "छान आहे. पाय दुखतात. ब्रेड कडक आहे. तुम्ही जेवलात?" एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. तिकडे दुपारचे चार.

"अहो." सुलेखाचा आवाज, मागे वारा. "फेरीनं पलीकडे आलो. आता धक्क्यावर बसलेय. पाण्याच्या अगदी काठाशी."

"दिसतंय का?"

मागे अनिका काहीतरी म्हणाली.

"ही म्हणते, इट्स सो प्रीटी. मी म्हटलं, प्रीटी म्हणजे कसं गं? तर म्हणते, लाइक, रिअली प्रीटी. ब्राउन वॉटर. लिटल हाउसेस. झालं, संपलं. काय करणार बिचारी, आपणच शिकवलं नाही पुरेसं."

"सुलेखा, तुला दिसतंय का?"

"उजेड दिसतो. कडेकडेचं दिसतं."

"आणि समोरचं?"

"ते मे महिन्यात गेलं हो. बरा होता तो डोळाही. तुम्ही कागद वितळवलात ना, त्याच आठवड्यात. एके सकाळी उठले तर मध्ये डाग."

श्रीरंगरावांनी टेबलाची कड धरली. म्हणजे तो महिनाभर सकाळी त्यांनी सांगितलेले बगळे, कासवं, फुललेली झाडं, आणि मागून आलेलं "हो हो, दिसलं."

"मग गेलीस कशाला?"

"नसते गेले तर तुम्ही जन्मभर तो कागद घेऊन बसला असतात. म्हटलं, जाऊन आले म्हणजे सुटाल." वाऱ्यानं तिचा पुढचा शब्द नेला. मग म्हणाली, "पण इथे येऊन बसले आणि वाटलं, वासही तोच आहे. चिखलाचा. आमच्या खाडीचा. आणि दिसत काही नाही. मला वाटलं होतं, मी सोसेन."

तिचं रडू श्रीरंगरावांनी आयुष्यात तीनदा ऐकलं होतं. हे चौथ्यांदा.

"फोन अनिकाला दे," ते म्हणाले. "अनिका, व्हिडिओ लाव. पाण्याकडे धर. हलवू नको. सुलेखा, ऐक."

चौकोनात खाडी आली. श्रीरंगरावांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. पायवाटेवरचा त्यांचा आवाज आता घरभर भरला.

"पाणी आहे. पलीकडचा काठ नुसती रेघ आहे, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. पाणी चहासारखं म्हणाली होती ना ती, तसं नाही. गुळाच्या पाण्यासारखं आहे. भरती येतेय, लाटा उलट्या दिशेनं सरकतायत. डाव्या हाताला खांबांवर झोपड्या आहेत, तीन. एक हिरवी, दोन उन्हापावसानं पांढऱ्या पडलेल्या. पुढे लाकडी हात काढलेला, त्याला चौकोनी जाळं टांगलेलं, पाळण्यासारखं. मागे वळ अनिका. आता मळा आहे. भांग पाडल्यासारख्या रांगा, थेट उतारावरून खाली. पुन्हा पाणी. एक पांढरा पक्षी, मोठा, पंख पसरून, वाऱ्यावर स्थिर—"

पक्षी खरोखरच स्थिर होता. चित्र अडकलं होतं. श्रीरंगरावांनी फोन हलवला, खिडकीशी नेला. पक्षी तिथेच. पण आवाज चालू होता, वारा चालू होता, आणि पलीकडून सुलेखा म्हणाली, "पुढे?"

ते थांबू शकले नाहीत.

"पुढे... पक्षी गेला. हिरव्या झोपडीतून एक म्हातारा बाहेर आलाय. निळी टोपी. जाळं खाली सोडतोय, हळूहळू. दोरी कुरकुरतेय. पाण्यात गेलं जाळं. तो थांबलाय. विडी ओढतोय. आता वर खेचतोय. जाळ्यातून पाणी गळतंय. मध्ये एकच मासा, तळहाताएवढा, चमकतोय. म्हाताऱ्यानं त्याला हातात घेतलं, बघितलं, आणि सोडून दिलं."

"अहो."

"आता तो आपल्याकडे बघून हात करतोय—"

"अहो, तुम्ही कुठलं पाणी बघताय? पाऊस आला म्हणून अनिकानं मला मघाशीच भिंतीच्या आडोशाला आणलंय. ती म्हणते, इथून खाडी दिसतच नाही."

श्रीरंगरावांनी पुन्हा फोनकडे बघितलं.

"चित्र थांबलंय," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"पक्ष्यापासून."

"म्हणजे तो मासा—"

"नव्हता."

"आणि म्हातारा?"

"तोही नव्हता."

पलीकडे पाऊस कुठल्यातरी पत्र्यावर वाजत होता.

"मला घरी यायचंय," सुलेखा म्हणाली.

त्या तीन दिवस आधीच परत आल्या. मॉरिसव्हिलजवळच्या रालीच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी श्रीरंगराव तासभर आधी जाऊन उभे. अनिकाच्या दंडाला धरून सुलेखा येताना दिसली, आणि त्यांनी हात वर केला, मग खाली घेतला. ती जवळ आली, त्यांच्या पुढ्यात थांबली आणि भलतीकडेच, त्यांच्या उजव्या खांद्यापलीकडच्या खांबाकडे टक लावून बघू लागली. त्यांनी वळून पाहिलं, कोण आहे तिथे. कुणी नव्हतं. मग त्यांना उमगलं, की तिला आता त्यांना बघायचं असेल तर असंच, दुसरीकडे बघावं लागणार.

"दाढी केली नाहीत," ती खांबाकडे बघत म्हणाली.

"नाही."

"बाबा, शी हॅज नॉट ईटन सिन्स पॅरिस," अनिका म्हणाली, आणि बॅगा आणायला गेली.

सुलेखानं त्यांचं कोपर धरलं. दोघं बाहेर आले. जूनचं ऊन, गरम डांबर. फुटपाथाची पायरी संपते तिथे श्रीरंगराव "पायरी" म्हणायला विसरले. तिचा पाय अडखळला, त्यांनी सावरलं. पायवाटेवर तिच्यासाठी अखंड बोलणारा तो माणूस पार कोरडा पडला होता.

"बोला की हो काहीतरी," ती म्हणाली. "काय आहे समोर?"

समोर पार्किंगची चार मजली इमारत होती. प्रत्येक मजल्यावर उन्हात तापलेल्या काचा, एकीला लागून एक.

"गाड्या आहेत," श्रीरंगराव म्हणाले.

"आणि?"

त्यांनी पुन्हा एकदा नीट बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गाड्याच आहेत."